पर्यावरणासाठी कायद्याने लढताय? मग या चुका टाळा

नदी, डोंगर, जंगल वाचवायला निघालेली माणसं मनाने शंभर टक्के खरी असतात, मुद्दाही बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि तरी केस पडते. तारीख उलटून गेलेली असते, कागदावर शिक्का नसतो, नाहीतर चुकीच्या दारात जाऊन बसलेले असतात. मी वकील नाही, अशा केसेसची कागदपत्रं लावून द्यायचं काम करते, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच जीव तळमळतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मुदत. मुदत. मुदत.

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त केसेस इथेच मरतात. एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी मिळाली आणि तिला राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायालयात (एनजीटी) आव्हान द्यायचंय, तर एनजीटी कायदा २०१० च्या कलम १६ प्रमाणे ३० दिवस मिळतात. उशिराचं सबळ कारण दिलंत तर लवाद अजून जास्तीत जास्त ६० दिवस देऊ शकतो. झाले ९०. एक्क्याण्णवाव्या दिवशी तुमच्याकडे कितीही भक्कम पुरावा असू दे, उशीर माफ करायचा अधिकार लवादाला कायद्यानेच दिलेला नाही.

आणि हे दिवस तुम्हाला कळल्यापासून मोजत नाहीत हो! मंजुरी वेबसाइटवर चढते, कंपनीला ७ दिवसांत दोन स्थानिक पेपरमध्ये जाहिरात द्यावी लागते आणि त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला हवा, ग्रामपंचायतीकडे प्रत जाते. यातलं जे सगळ्यात आधी नीट झालं तिथून घड्याळ सुरू झालं असं धरून चाला.

एका गावातली मंडळी माझ्याकडे आली होती, पिशवी भरून फायली, भूजलाचा अभ्यास केलेला, विहिरींची यादी, सगळं इतकं व्यवस्थित की बघून बरं वाटलं. त्यांनी ठरवलं होतं की आधी माहिती अधिकारात सगळी कागदपत्रं मागवायची, ती आली की मग केस. आरटीआयचं उत्तर ३० दिवसांत यायला हवं, आलं नाही, मग पहिलं अपील, मग परत वाट बघणं. यात तीन महिने कधीच निघून गेले होते. अर्जात लिहिलं होतं की मंजुरीची माहिती आम्हाला अलीकडेच मिळाली, आणि फाइलच्या पहिल्याच पानावर त्यांनीच चिकटवलेलं जाहिरातीचं कात्रण होतं, वर निळ्या पेनने तारीख लिहिलेली, कडेला बारीक अक्षरात 'महत्त्वाचे'. समोरच्या वकिलांनी फक्त ते पान उघडून दाखवलं. भूजलाच्या अभ्यासाचं एक वाक्यही कुणी वाचलं नाही. त्यातल्या एका काकांचा चेहरा मला अजून आठवतो, त्यांना कळतच नव्हतं की आपण हरलो कशात.

माझी सवय सांगते. दर सोमवारी परिवेश पोर्टल, म्हणजे केंद्र सरकारची मंजुऱ्यांची वेबसाइट उघडायची, आपल्या जिल्ह्याचे प्रस्ताव बघायचे, मंजुरीचं पत्र दिसलं की त्याच दिवशी डाउनलोड, स्क्रीनशॉट, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसावा दिवस लाल पेनने. मोबाइलचा रिमाइंडर आपण बंद करून टाकतो, भिंत बंद करता येत नाही. आणि कागद अर्धवट असले तरी अपील दाखल करा, बाकीचे नंतर जोडायची परवानगी मागता येते. आरटीआय आणि अपील एकाच वेळी चालू दे, एकासाठी दुसरं थांबवू नका.

मुदत गेलीच असेल तर? मंजुरीला मागच्या दाराने आव्हान द्यायला जाऊ नका. काही लोक तीच तक्रार पर्यावरणाच्या इतर वादांसाठी असलेल्या कलम १४ खाली टाकतात कारण तिथे ६ महिने अधिक ६० दिवस मिळतात, पण लवादाला ते लगेच दिसतं आणि तुमच्यावरचा विश्वास जातो. त्यापेक्षा मंजुरीतल्या अटी वाचा. कंपनीला दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो मागवा आणि साइटवर जाऊन एकेक अट ताडून बघा. अट मोडली असेल तर ती नवी तक्रार आहे आणि तिची मुदतही वेगळी.

जनसुनावणी उधळून लावणं

हे वाचून काहीजण चिडतील, चिडू दे. २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) अधिसूचनेत जनसुनावणी ही एकमेव जागा आहे जिथे साध्या माणसाचं बोलणं सरकारी रेकॉर्डवर चढतं. किमान ३० दिवस आधी नोटीस, ईआयए अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, कलेक्टर किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, व्हिडिओ शूटिंग. आणि किती लोक हवेत याला कोरम नाही, म्हणजे बहिष्कार टाकलात तरी सुनावणी 'झाली' असंच धरलं जातं. त्याहून वाईट म्हणजे, स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही असा रिपोर्ट गेला, तर सुनावणीशिवायच पुढे जायची सोय त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे खुर्च्या फेकल्या की फायदा नक्की कुणाचा झाला बघा.

एका खाणीच्या सुनावणीला मी हजर होते. पोरांनी माइक ओढला, घोषणा, धक्काबुक्की, तासाभरात सगळं गुंडाळलं. इतिवृत्तात काय आलं, तर लोकांनी घोषणा दिल्या आणि स्थानिकांना रोजगार मिळावा अशी मागणी झाली! पण गोंधळाच्या आधी एका शाळेतल्या बाईंनी दोन पानी हरकत देऊन पोच घेतली होती. वहीच्या पानांवर हाताने लिहिलेली. वरच्या अंगाचे झरे, प्रत्येकाचा गट नंबर, कुठल्या झऱ्याला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असतं, त्यावर किती घरं अवलंबून, आणि शेवटी एकच प्रश्न की अहवालात यातला एकही झरा का नाही. अंतिम अहवालात त्या प्रश्नाला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागलं आणि मंजुरीत झऱ्यांच्या अभ्यासाची अट आली. त्या अख्ख्या दुपारीतून रेकॉर्डवर टिकलं ते एवढंच.

म्हणून बोलायचं ते बोलाच, चिडून बोला, पण लेखी आधी द्या. शेवटी इतिवृत्त तिथेच वाचून दाखवायला लागतं, ते ऐकल्याशिवाय उठू नका, आपला मुद्दा गाळला असेल तर तिथल्या तिथे हात वर करा, कॅमेरा चालू असतो.

आणि हरकतीत 'पर्यावरणाचा ऱ्हास होईल' असं मोघम लिहू नका, अहवालाचं पान नंबर टाकून चूक दाखवा. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंजुरी थांबवून प्रस्ताव फेरविचाराला पाठवला, तो अर्जातल्या फॉर्म १ मध्ये आसपासच्या संवेदनशील भागांची माहिती नीट दिली नव्हती म्हणून. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून ती स्थगिती उठली हेही खरं, पण त्या अटी कुणीतरी फॉर्म ओळ न ओळ वाचला म्हणूनच आल्या.

चुकीचं दार ठोठावणं

हरित लवाद पर्यावरणाच्या सगळ्या कायद्यांवर चालत नाही. त्याच्या यादीत सात कायदे आहेत, जल, वायू, वन संवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. वन्यजीव कायदा १९७२ त्यात नाही, महाराष्ट्राचा शहरी झाडांचा १९७५ चा कायदाही नाही. शहरातल्या वृक्षतोडीच्या परवानगीवर लढायचं तर साधारणपणे हायकोर्ट.

स्थगिती न मागणं

मूळ केस जिंकू या भरवशावर राहू नका, अंतरिम स्थगितीचा अर्ज वेगळा आणि पहिल्याच दिवशी. मुंबईतल्या आरेमधली मेट्रो कारशेडसाठीची वृक्षतोड आठवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, दुसऱ्या दिवशी हायकोर्टाने स्थगिती नाकारली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या पत्राची दखल घेऊन सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. तीन दिवसांत! त्यामुळे निकालाच्या आधीच वरच्या कोर्टाचा मसुदा तयार ठेवा आणि निकाल विरोधात गेला तर उभ्या उभ्याच अपील करेपर्यंत 'जैसे थे' मागायला वकिलांना सांगून ठेवा. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नाहीच मिळत.

बाकीच्या, पटापट

आरटीआयमध्ये 'का' विचारू नका, प्रत मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, दहा विषय कोंबलेत की परत येतो. फाइल प्रत्यक्ष बघायचीही मागणी करा, पाहणीत जे सापडतं ते प्रतींमध्ये कधीच येत नाही.

रिकाम्या बाटलीत नदीचं पाणी भरून कोर्टात आणू नका. प्रदूषण मंडळाकडे लेखी मागणी करा की नमुना घ्या, आणि घेताना हजर राहा.

फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवून त्याचीच प्रिंट लावू नका, त्यात तारीख-लोकेशनची माहिती उडते. मूळ फाइल जपा.

कंपनीला पार्टी, म्हणजे पक्षकार केलंच नाही अशाही केसेस बघितल्यात. ज्याच्याविरुद्ध आदेश हवा त्याला पार्टी करा.

पोच नसलेलं निवेदन म्हणजे न दिलेलं निवेदन. आवक नंबर, शिक्का, सही.

ऑनलाइन सह्यांची मोहीम. लोक जागे होतात हे मान्य, पण लाखभर सह्या करून 'आम्ही लढलो' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यातल्या दहा जणांनी जरी स्वतःच्या शब्दांत हरकत लिहिली तरी फरक पडतो. २०२० मध्ये नव्या ईआयए अधिसूचनेचा मसुदा आला त्या वेळी दिल्ली हायकोर्टात मागणी किती छोटी होती बघा, मसुदा लोकांच्या भाषेत द्या आणि हरकतींची मुदत वाढवा. कोर्टाने ११ ऑगस्टपर्यंत मुदत दिली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. असं नेमकं मागायला शिका.

नवीन पोरं विचारतात की ताई, शॉर्टकट काय. नाहीये. मंजुरीचं पत्र पूर्ण वाचायला एक संध्याकाळ लागते आणि ती संध्याकाळ न देणारा माणूस पुढे तीन वर्षं कोर्टात हेलपाटे घालतो.

आणि जिंकल्यावर गायब होऊ नका. आदेशात 'तीन महिन्यांत समितीने पाहणी करावी' असं असेल तर ती तारीखही त्याच भिंतीवर लाल पेनने लिहा, समितीला आधीच पत्र द्या की पाहणीच्या वेळी आम्हाला बोलवा, आणि मुदतीत काही हललं नाही तर अंमलबजावणीचा अर्ज टाका.