लोकलहोस्टची लिंक आणि गाळ्याची पाटी

पहिल्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाला साइटची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली: लोकलहोस्ट, कोलन, 3000. माझ्या लॅपटॉपवर साइट झकास दिसत होती. त्यांचा फोन आला, "अहो, इथे काहीच उघडत नाही." मी म्हटलं, "काका, एकदा रिफ्रेश करून बघा." बिचाऱ्यांनी तीनदा केलं. शेजारची सीनियर ताई हसू दाबत म्हणाली, "अरे, ज्याचं मशीन त्याचा लोकलहोस्ट. काका स्वतःच्याच फोनमध्ये तुझी साइट शोधतायत."

लोकलहोस्ट म्हणजे 127.0.0.1. या पत्त्यावर प्रत्येक मशीन स्वतःलाच हाक मारतं. कॉलेजात मी ही व्याख्या परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते, पण कळली ती त्या दिवशी.

नव्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ डोमेन आणि होस्टिंगमध्ये होतो. डोमेन म्हणजे साइटचं नाव, दुकानाची पाटी. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, भाड्याचा गाळा. नुसती पाटी रंगवून आणली तर माल कुठे ठेवणार? (पाटीचंही भाडंच असतं बरं का, मुदत संपली की दुसरा कोणी ते नाव घेऊ शकतो.) कोणती पाटी कोणत्या गाळ्याची, ही नोंद डीएनएसमध्ये असते. ब्राउझरला नुसतं नाव पुरत नाही, त्याला आयपी ॲड्रेस, म्हणजे मशीनचा आकड्यांतला पत्ता हवा असतो. 1983 साली डीएनएस आलं, त्याआधी नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहून ती सगळीकडे वाटत असत.

याच नोंदीने माझा एक शनिवार खाल्ला. साइट नव्या सर्व्हरवर (साइट जिथून चालते त्या मशीनवर) हलवली, डीएनएसमध्ये आयपी बदलला आणि ऑफिसला कुलूप. संध्याकाळी अर्ध्या लोकांना नवी साइट, अर्ध्यांना जुनी. टीटीएल, म्हणजे डीएनएसची नोंद किती वेळ साठवून वापरायची ती मुदत, 86400 होता, सेकंदांत. म्हणजे ज्यांच्याकडे जुनी नोंद साठलेली होती, ते पूर्ण 24 तास तीच वापरू शकत होते. आता मी साइट हलवायच्या दोन दिवस आधी टीटीएल 300 करतो आणि जुना सर्व्हर लगेच बंद करत नाही.

इंटरनेट आणि वेब एकच नव्हे, हे मुलाखतीत हमखास विचारतात. इंटरनेट म्हणजे जाळं. वेब ही त्यावरची एक सोय, टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत मांडलेली. ईमेल तिच्याहून जुनं. एचटीटीपीएसबद्दल (लिंकच्या सुरुवातीला https दिसतं ते) एवढंच: त्यात जाता-येताचा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. फसव्या साइटही एचटीटीपीएसवर असतात.

"साइट बंद आहे" असा फोन आला की मी आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगतो. 404 असेल तर सर्व्हर जिवंत आहे, फक्त मागितलेलं पान त्याच्याकडे नाही. बहुतेकदा लिंक चुकलेली. 500 असेल तर गडबड सर्व्हरच्या बाजूला, म्हणजे आपला कोड उघडायचा. आकडाच नसेल, नुसतं सर्व्हर सापडत नाही असं असेल, तर गाडी डीएनएसकडे वळवायची.

हे स्वतः बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर कुठलीही साइट उघडा, एफ12 दाबा, नेटवर्क टॅबवर जा आणि पान रिफ्रेश करा. एका पानासाठी किती फाइली येतात ते मोजा. मी पहिल्यांदा बघितलं ते एका बातम्यांच्या साइटवर, आणि शंभराच्या पुढे मोजायचं सोडून दिलं.