घरातून ट्रॅव्हल एजंट व्हायचंय? आधी त्र्यंबक-वणी-शिर्डीचा हिशेब मांडा

नाशिकच्या इंदिरानगरला मी घरातूनच टूर्सचं काम करते. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतंच, "ताई, मलाही हे सुरू करायचंय, कुठला कोर्स करू?" कोर्सचं नंतर बघा. आधी ठरवा, तिकिटं विकायची की सहली.

नुसत्या तिकिटांवर घर चालत नाही. रेल्वेच्या अधिकृत एजंटला स्लीपरच्या तिकिटामागे २० रुपये आणि एसीच्या तिकिटामागे ४० रुपये सेवाशुल्क मिळतं. तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटला बंदच असतो, एसीला १० ते १०.३० आणि नॉन-एसीला ११ ते ११.३०. स्वतःच्या साध्या आयडीवरून लोकांची तिकिटं काढून वर पैसे घेणं तर रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजारच्या काकूंचं तिकीट काढून द्या, पण फुकट. विमानाची तिकिटं बी-टू-बी (एजंटांसाठीच्या) पोर्टलवर पैसे भरून काढता येतात, त्यातही सुटतं ते थोडंच. ही कामं गिऱ्हाईक धरून ठेवायला करायची.

खरं काम सहलीत आहे, आणि आपण नाशिककर त्यात नशीबवान. लोक आपल्याच दारात येतात. नागपूरहून, हैदराबादहून फोन येतो, "त्र्यंबक, वणी, शिर्डी एका दिवसात होईल ना?" इथे "हो हो, करून देऊ" म्हणणारे पुष्कळ आहेत. तुम्ही कागद घ्या. नाशिकहून त्र्यंबक साधारण ३० किलोमीटर, वणीचा सप्तशृंगी गड ६५, शिर्डी ९०. प्रत्येक वेळी नाशिकला परत यायचं म्हटलं तर ३७० किलोमीटर होतात. भाड्याची गाडी बहुतेक दिवसाला ३०० किलोमीटरच्या हिशेबाने ठरते, म्हणजे वरच्या ७० किलोमीटरचे पैसे वेगळे. शिवाय सोमवारी त्र्यंबकची रांग किती वेळ खाईल ते सांगता येत नाही. सोबत सत्तरीच्या आजी असतील तर दोन दिवस करा आणि ते का, हे त्यांच्या मुलाला फोनवर नीट सांगा. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली (रुळावरून डोंगर चढणारा डबा) आहे, त्यामुळे आजींच्या पायऱ्या वाचतात. पण नवरात्रात नि चैत्रोत्सवात खासगी गाड्या खाली नांदुरीलाच थांबवतात, पुढे एसटीने जावं लागतं. कुणी नारायण नागबलीसाठी येत असेल तर तो तीन दिवसांचा विधी आहे, खोली त्र्यंबकमध्येच घ्या, नाशिकची स्वस्त मिळाली तरी नको. हे सगळं माहीत असणाऱ्याला लोक पैसे देतात. म्हणून आधी तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन या, हॉटेलच्या खोल्या उघडून बघा, संडास-बाथरूमसकट.

मग कोटेशन. ते तोंडी कधीही देऊ नका. गाडी कुठली, किती किलोमीटर धरलेत, टोल-पार्किंग आत की बाहेर, ड्रायव्हरचा भत्ता कुणी द्यायचा, चहा-नाश्ता आहे का, रद्द केलं तर किती परत मिळेल, हे सगळं मराठीत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊ नका. भांडणं होतात ती दोनशे रुपयांच्या पार्किंगवरून, मोठ्या रकमेवरून क्वचितच. गाडी पिवळ्या पाटीचीच, म्हणजे भाड्याचा परवाना असलेलीच घ्या. भाच्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण वाटेत अडवली तर आजी रस्त्यावर उभ्या राहतात आणि फोन तुम्हाला येतो.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत होते. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. बँकेत करंट खातं उघडा, घरखर्च त्यातून करू नका. सेवा व्यवसायाला जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. परदेशी पॅकेजवर टीसीएस (गिऱ्हाईकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) गोळा करावा लागतो, म्हणून सीए गाठल्याशिवाय दुबई-थायलंडच्या नादी लागू नका.

गिऱ्हाईक कुठून आणायचं? जाहिरातीवर पैसे घालवण्याआधी सोसायटीची भिशी आणि ज्येष्ठ नागरिक संघ गाठा. संघातला एक ग्रुप खूश झाला की पुढची अष्टविनायक यात्रा तेच ठरवतात. त्यांना तारखा आधी सांगायची सवय लावा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १ मेची गाडी २ मार्चला सकाळी ८ वाजता. चारधामला जाणार असतील तर उत्तराखंड सरकारची नोंदणी सक्तीची आहे, ती प्रत्येकाच्या आधारप्रमाणे तुम्हीच भरा. नावाचं स्पेलिंग दोनदा तपासा, आपल्याकडे एकाच माणसाची आधारवर आणि पॅनवर वेगवेगळी स्पेलिंगं सर्रास सापडतात.

आणि हो, २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा. आत्तापासूनच लोक खोल्या विचारतायत. पर्वणीच्या, म्हणजे मोठ्या स्नानाच्या दिवशी गाड्या शहराबाहेर अडवतात, घाटापर्यंत चालावं लागतं, हे आधीच सांगून टाका. हॉटेलवाल्याने खोली लेखी दिल्याशिवाय एक रुपयाही ॲडव्हान्स घेऊ नका, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.