उजनीच्या पाण्याचं उपग्रहाने दिलेलं तापमान ताडून पाहताना

सोलापूरला समुद्र नाही, पण उजनीचा जलाशय आहे. समुद्राच्या पाण्याचं उपग्रहाने दिलेलं तापमान प्रत्यक्ष मोजून ताडण्याची रीत इथेही चालते.

आधी तापमापक तपासा. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून दहा मिनिटं बुडवा. ०° सेल्सियसपासून जितका फरक, तितकी दुरुस्ती. स्वस्त डीएस१८बी२० सेन्सरची अचूकता मुळात ±०.५° असते, त्यामुळे ही पायरी टाळू नका.

लँडसॅट ८ आणि ९ हे अमेरिकेचे भूनिरीक्षण उपग्रह मिळून दर ८ दिवसांनी, सकाळी साडेदहा ते अकराच्या सुमारास वरून जातात. त्याच वेळी होडीतून, काठापासून किमान ३०० मीटर आत, १०-२० सेंटीमीटर खोलीवर, होडीच्या सावलीबाहेर पाच नोंदी घ्या. औष्णिक सेन्सरचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा आहे. चित्र ३० मीटरचं दिसतं म्हणून फसू नका. काठाजवळ तापलेली जमीन त्यात मिसळते.

लँडसॅटच्या लेव्हल-२ (प्रक्रिया केलेल्या) माहितीतल्या पृष्ठतापमानाच्या आकड्याला ०.००३४१८०२ ने गुणा, १४९ मिळवा, २७३.१५ वजा करा. ४५००० म्हणजे २९.६६°.

उन्हाळ्यात धरण आटतं आणि गाळपेर जमीन उघडी पडते, तेव्हा पाण्याची जुनी सीमा वापरली की सगळं बिघडतं. जलपर्णीही टाळा. विरळ ढग आकडा खाली ओढतात, म्हणून क्यूए पट्टा (ढगाळ पिक्सेल दाखवणारा गुणवत्तेचा थर) बघाच. वारा पडलेला असेल तर वरचा पातळ थर खालच्यापेक्षा बराच तापतो. तो फरक उपग्रहाच्या माथी मारू नये.

उपग्रहाच्या आणि तुमच्या नोंदींमधल्या फरकांच्या सरासरीपेक्षा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. एकाच दिवसावरून निकाल देऊ नका; निदान दहा स्वच्छ दिवस हवेत.