सोलर बसवताय? नागपूरच्या उन्हावर आंधळा भरवसा ठेवू नका, या चुका टाळा

नागपूरकराला उन्हाबद्दल कुणी शिकवायला गेलं तर तो हसतो. पंचेचाळीस डिग्रीत डोक्याला दुपट्टा बांधून सीताबर्डीवर भाव करणारी माणसं आम्ही. म्हणूनच छतावर सोलर लावताना आम्ही नको तिथे निर्धास्त होतो. ऊन एवढं पडतं, मग वीज काय कमी होणार? माझ्या घरी ३ किलोवॉटची सिस्टीम लागली तेव्हा मीही असाच होतो. पहिलं वर्ष त्या निर्धास्तपणाची फी भरण्यात गेलं.

पाहणी मे महिन्यात करून घेतली

सर्वात महाग पडलेली चूक हीच. पाहणी करायला पोरगा आला तो नवतपा (मेअखेरचे ते नऊ कडक दिवस) लागल्यावर, भर दुपारी बारा वाजता. छतावर उभा राहून म्हणाला, "काकाजी, सावली दिसते का कुठं? सगळं छत मोकळं आहे न!" मी पाहिलं. खरंच कुठे सावली नव्हती. पाण्याच्या टाकीची नव्हती, जिन्याच्या खोलीची नव्हती, आमच्या दोघांचीही नव्हती.

नसणारच. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. २६ मेच्या आसपास एक दिवस असा असतो की उभ्या काठीची सावलीच पडत नाही. सावली तपासायला वर्षातला सर्वात वाईट दिवस आम्ही निवडला होता.

डिसेंबर आला आणि मोबाइलवरचे आकडे घसरले. थंडीत दिवस लहान, म्हणून महिनाभर दुर्लक्ष केलं. मग एका रविवारी सकाळी छतावर गेलो तर टाकीची सावली सहापैकी दोन पॅनेलवर आडवी पसरलेली. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ४५ अंशांवर असतो. म्हणजे पॅनेलच्या पातळीवर टाकी जितकी उंच, तितकीच लांब तिची सावली. सकाळी नऊ-सव्वानऊला ती जवळपास दुप्पट होते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात, आणि आमची टाकी नेमकी त्यांच्या दक्षिणेला.

दोन पॅनेलवर थोडी सावली आली तर काय बिघडतं, असं वाटेल. पण पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. माळेतून वाहणारा करंट सर्वात दुबळ्या पॅनेलवर ठरतो. बायपास डायोड असल्यामुळे सगळी माळ बंद पडत नाही, पण पॅनेलचा जो भाग सावलीत आहे तो हिशोबातून वगळला जातो. हातभर सावली आणि नुकसान तिच्या कितीतरी पट. शेवटी प्लंबर बोलावून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता.

तुम्ही पाहणी मे महिन्यात करत असाल तर एवढं करा: दक्षिणेला जे जे उंच आहे (टाकी, कठडा, शेजाऱ्याचा वाढलेला मजला, कडुनिंब) त्याची पॅनेलच्या वरची उंची मोजा आणि तिच्या दुप्पट अंतर मोकळं सोडा. जागा कमी असेल तर एक पॅनेल कमी लावा. सावलीतल्या सहापेक्षा उन्हातली पाच बरी.

उकाडा म्हणजे वीज नव्हे

मे महिन्यात फोन येतात. "तीन किलोवॉटचं लावलं, पण दुपारी बाराला अडीचच दाखवते. फसवलं का जी?" बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते, आणि ते तापमान पॅनेलच्या स्वतःच्या अंगाचं. बाहेर ४५ असताना पॅनेल ६५-७० पर्यंत तापतं. २५ च्या पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. म्हणजे उन्हाच्या तडाख्यात १५ टक्के गेले, ते कुणीही खाल्लेले नाहीत. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. तरीही मे महिन्याची एकूण वीज चांगलीच भरते, कारण दिवस मोठा.

यात टाळता येण्याजोगी चूक वेगळीच आहे. टिनाच्या शेडवर पॅनेल अगदी चिकटवून बसवणं. खालून वारा खेळला पाहिजे. आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) उघड्या छतावर, पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. तो तापला की स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन कमी करतो. जिन्याखालची सावलीतली, हवा असलेली भिंत त्याला मानवते. बिनखिडकीची जिन्याची खोली मे महिन्यात भट्टी होते, तीही नको.

लाइन गेली की सोलरही जातं

पहिल्या वादळात लाइन गेली तेव्हा शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "काहून जी, तुमच्याकडे तर सोलर आहे न, मग तुमच्याकडेही अंधार?" दिवस होता, ऊन पुन्हा पडलं होतं आणि घरातला पंखा बंद होता. उत्तर देताना मलाच लाज वाटली.

ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेली बिनबॅटरीची सिस्टीम महावितरणची लाइन गेली की मुद्दाम बंद होते. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. ही खराबी नाही, आणि ती सोय कुणी "बायपास करून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. लाइन नसतानाही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा. हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं.

तेलाचा हिशोब चुकीच्या खात्यात

पश्चिम आशियात काही पेटलं की पेट्रोलचे भाव चर्चेत येतात, आणि मग "सोलर लावा, तेलाची गुलामी संपवा" असे मेसेज फिरतात. भावना बरोबर आहे. भारत कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. पण आपल्या घरातला बल्ब तेलावर जळत नाही. तो मुख्यतः कोळशावर जळतो, आणि नागपूरकराला हे सांगायची गरज नसावी. कोराडीची धुराडी शहराच्या उत्तरेला उभी आहेत आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथेच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. नुसतं सोलर लावल्याने कोळसा वाचतो. तेलाचा एक थेंबही वाचत नाही.

तेल वाचतं ते तेल जाळणारी वस्तू घरातून गेली तर. पेट्रोलच्या स्कूटरऐवजी बॅटरीची आली, सोसायटीच्या लिफ्टचं डिझेल जनरेटर बॅटरीवर गेलं, दोन वेळचा स्वयंपाक सिलिंडरवरून इंडक्शनवर आला, तेव्हा. स्कूटरचं गणित सोपं आहे. तिची बॅटरी भरायला साधारण ३ ते ४ युनिट लागतात, आणि १ किलोवॉटचं पॅनेल सरासरी दिवसाला ४ युनिट देतं. सिलिंडरचं जरा जड आहे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायचं तर शंभर-सव्वाशे युनिट धरा. म्हणून सिस्टीम किती मोठी हवी हे ठरवताना आजचं बिल पाहू नका, दोन वर्षांनी घरात काय काय विजेवर चालेल ते पाहा. मी पाहिलं नव्हतं. स्कूटर नंतर आली आणि क्षमता अपुरी पडली.

मे महिन्याच्या बिलावर सिस्टीम मोजली

याची उलटी चूकही तितकीच होते. दोन कूलर, एक एसी, मे महिन्याचं बिल हातात आणि डोक्यात राग. त्या रागात माणूस ५ किलोवॉट लावून बसतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा आणि बाराने भागा. १ किलोवॉटमागे महिन्याला साधारण १२० युनिट धरले की आकडा समोर येतो.

जास्तीची वीज विकून पैसे कमावू, ही कल्पना डोक्यातून काढा. उरलेले युनिट नेट मीटरमधून (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) जमा होतात आणि पुढच्या महिन्यांत वजा होतात, इथपर्यंत ठीक. पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिट पुढे जात नाहीत. त्यांचा मोबदला मिळतो, पण आपण वीज घेतो त्या दराने नाही. नागपुरात याचा चिमटा जरा जास्तच बसतो. थंडीत कूलर बंद असताना साठवलेले युनिट मार्चअखेर खात्यातून जातात आणि लगेच एप्रिल उजाडतो. कूलर काढायची वेळ आणि शिल्लक शून्य. शिवाय स्थिर आकार लागतोच, त्यामुळे "झिरो बिल"वाल्या जाहिरातीवर हसा आणि पुढे चला.

आणखी एक. नेट मीटर लागायच्या आधी सिस्टीम चालू करू नका. "तोवर चालू ठेवा, फुकट वीज मिळेल" असं सांगणारे भेटतात. जुने साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणून मोजू शकतात. आमच्या गल्लीतल्या एकाचं बिल असंच सोलर लावल्यावर वाढलं होतं.

सबसिडीच्या कागदात एकच गोष्ट लोकांना अडवते, ती म्हणजे नाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. पण मीटर अजून स्वर्गवासी बाबांच्या नावावर, अर्ज मुलाच्या नावाने आणि बँकखातं सुनेचं, असं असेल तर गाडी अडते. आधी मीटर नावावर करून घ्या. पॅनेलही भारतीय सेलपासून भारतात बनलेलीच लागतात. सबसिडी आहे म्हणून स्वस्त परदेशी पॅनेल लावली तर दोन्हीकडून जाल.

धूळ, राख आणि बोरचं पाणी

कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना कपडे वाळत घातल्यावर काय होतं ते ठाऊक आहे. तीच राख पॅनेलवर बसते. पावसाळा सोडला तर पंधरा दिवसांतून एकदा धुणं बरं. पण भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकू शकते. सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी. मऊ कापड पुरे, निरमा आणि घासणी नको.

बोरचं पाणी वापरत असाल तर कूलरच्या ताट्यांवर चढणारा पांढरा खार आठवा. तोच पॅनेलवर चढतो आणि मग सहजी निघत नाही. नळाचं पाणी वापरा. बोरचंच वापरणं भाग असेल तर वायपरने लगेच निपटून काढा.

स्लॅबला छिद्रं पाडून स्ट्रक्चर बसवलं तर पहिल्या पावसात खालच्या खोलीत पाणी टपकतं. सिमेंटचे ओटे करून त्यावर बसवलेलं बरं. उन्हाळी वावटळ लक्षात घेऊन नटबोल्ट वर्षातून एकदा आवळून घ्या. अर्थिंगचे खड्डे तीन असावेत: पॅनेलचा, इन्व्हर्टरचा आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंग कोरडं पडतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

मेकॅनिकला फोन करण्याआधी

ॲप बंद दिसतंय म्हणजे वीज बंद, असं नाही. आधी इन्व्हर्टरच्या पडद्यावर आकडा पाहा. निम्म्या तक्रारी वायफायचा पासवर्ड बदलल्याच्या असतात.

"ग्रिड नाही" असं दिसलं आणि घरात लाइन असेल तर इन्व्हर्टरकडून घराकडे जाणाऱ्या बाजूचा एमसीबी (खटका) पडलाय का पाहा. "व्होल्टेज जास्त" असं दुपारीच येत असेल आणि गल्लीत बरीच सोलर असतील तर कारण बाहेर असू शकतं. सगळे एकाच डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) वीज ढकलतात, व्होल्टेज २५३ च्या वर जातं आणि इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. दुपारी बारा ते दोन मीटरजवळचं आणि इन्व्हर्टरजवळचं व्होल्टेज, दोन्ही लिहून ठेवा. दोन्हीत मोठा फरक असेल तर तुमची केबल बारीक आहे आणि ती बसवणाऱ्याने बदलावी. फरक नसेल तर महावितरणकडे तक्रार करा.

पावसाळ्यात सकाळी "आयसोलेशन" चा दोष (म्हणजे वीज कुठेतरी गळतेय) येऊन दुपारी आपोआप जात असेल तर कुठेतरी जोडात पाणी शिरतंय किंवा उंदराने वायर कुरतडली आहे. ऊन पडलं की सुकतं, म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका. आणि स्वतः जोड उघडायला जाऊ नका. उजेड आहे तोवर पॅनेलची वायर जिवंत असते, मेन स्विच बंद केला तरी. चालू जोड ओढला तर ठिणगी पडते आणि ती विझायचं नाव घेत नाही. पडद्यावरच्या कोडचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि मग फोन करा. वॉरंटीचा कागद काढून ठेवा, पण त्यातली २५ वर्षं पॅनेलची असतात. इन्व्हर्टरची किती, ते खालच्या बारीक अक्षरात शोधा.