मांजराचा कान परत परत बिघडतोय? दवाखान्यात जाण्याआधीची तयारी

मांजर मागच्या पायाने कान ओरबाडतंय आणि कपाटात मागच्या खेपेची ड्रॉप्सची अर्धी बाटली पडून आहे. हात आपोआप तिकडेच जातो. तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे तो हात आवरायचा. भेटीआधीचे दोन-तीन दिवस कान धुवायचा नाही, पुसायचा नाही, त्यात काही घालायचं नाही. घाणेरडा कान घेऊन जायला आपल्यालाच ओशाळं वाटतं, पण डॉक्टरांना तो मळच हवा असतो. काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला की माइट्स (कानातले बारीक किडे) आहेत, यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे की बॅक्टेरिया, हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळतं. आपण कान लख्ख करून नेला, तर औषध अंदाजाने मिळतं. अंदाजाच्या औषधाने कान महिनाभर बरा दिसतो आणि पुन्हा चिघळतो.

जुनी बाटली टाळायचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मांजराच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे पडदा आपल्याला घरी दिसूच शकत नाही. तो फाटलेला असेल, तर काही औषधं आतल्या कानापर्यंत पोचून ऐकू येणं आणि तोल दोन्ही बिघडवू शकतात. टी ट्री ऑइल, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर हे प्रयोगही नकोत. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन (पिसवा-गोचिडांवरचं कीटकनाशक) असलेलं औषध तर मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

आता एक कागद घ्या. त्रास पहिल्यांदा कधी झाला, तेव्हा मांजर किती वयाचं होतं, एकच कान की दोन्ही, कोणतं औषध किती दिवस चाललं आणि ते थांबवल्यावर कितव्या दिवशी खाज परतली, हे लिहा. मला विचाराल तर सगळ्या तयारीत या कागदाइतकं मोलाचं काही नाही, कारण कान वारंवार बिघडतो तेव्हा जंतुसंसर्ग हा बहुधा परिणाम असतो, मूळ कारण निराळंच असतं. पिल्लाच्या दोन्ही कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ असेल, तर पहिला संशय माइट्सवर जातो. तरुण मांजराचा एकच कान सतत वाहतोय आणि श्वास घोरल्यासारखा येतोय, तर आत पॉलिप असू शकतो. ही मधल्या कानातून किंवा घशाकडे जाणाऱ्या नळीतून वाढणारी मांसल गाठ असते. तिच्यावर ड्रॉप्सच्या दहा बाटल्या ओतल्या तरी ती जाणार नाही, ती काढावीच लागते. म्हाताऱ्या मांजराच्या एकाच कानाचा त्रास हटत नसेल, तर इतर गाठींचा विचार करावा लागतो. दोन्ही कानांबरोबर तोंड आणि मानही खाजत असेल, तर ऍलर्जीकडे बोट जातं.

घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर तेही लिहा. माइट्स एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्यांना साधारण 3 आठवडे लागतात, म्हणून उपचार एकाच वेळी सगळ्यांचे आणि सांगितलेले सगळे दिवस करायचे. आधीच्या सगळ्या बाटल्यांचे, लेबल वाचता येईल असे, फोटो काढा. डोकं झटकतानाचा एक व्हिडिओही घ्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर आपलं मांजर पुतळा होऊन बसतं. मात्र डोकं एका बाजूला कललेलं राहत असेल, बुबुळं आपोआप हलत असतील, चालताना तोल जात असेल किंवा एका डोळ्याची पापणी उतरून बाहुली बारीक झाली असेल, तर कागद-व्हिडिओ सगळं राहू द्या आणि त्याच दिवशी निघा. कानाची पाळी अचानक फुग्यासारखी सुजली तरीही भेट लांबवू नका.

फोनवर वेळ घेताना विचारून ठेवा, की भूल द्यावी लागली तर उपाशी आणायचं का. दुखऱ्या, सुजलेल्या कानात आतवर पाहायचं तर बऱ्याचदा भूल लागतेच. कॅरिअर दोन दिवस आधीच जुनी चादर घालून उघडा ठेवा. समोर गेल्यावर विचारायचा प्रश्न एकच: पडदा दिसला का आणि तो धड आहे का?

परतल्यावरची तयारीही आधीच हवी. नखं कापलेली, जाड टॉवेल, कापूस आणि जमलं तर धरायला दुसरा माणूस. कानकोरणी इअरबड्स घरातूनच हद्दपार करा, ते मळ आत ढकलतात. बाटली मुठीत धरून थोडी कोमट करा. थंडगार थेंब कानात पडला, की पुढच्या वेळी मांजर पलंगाखालून निघत नाही, हे मी एकदाच शिकलो आणि पुरलं. थेंब टाकल्यावर कानाच्या बुडाशी हलकेच चोळा, आतून चुबुकचुबुक आवाज येईल. मग त्याला डोकं झटकू द्या, मागे सरका आणि बाहेर आलेलं तेवढंच पुसा.

डॉक्टरांनी अन्नाच्या ऍलर्जीची चाचणी सुचवली, तर किमान 8 आठवडे एकच ठरलेला आहार. त्यात खाऊचा एक दाणा नाही, दुसऱ्या मांजराच्या ताटलीतलं नाही, चवदार गोळ्यासुद्धा विचारूनच. घरातल्या एकाने लाडाने काही भरवलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे सगळ्यांना आधी सांगा, विशेषतः आजी-आजोबांना.

फेरतपासणीची तारीख घेतल्याशिवाय निघू नका. बाहेरून कान कोरडा दिसला तरी आत जंतू उरलेले असू शकतात, म्हणून औषध थांबवायचं ते पुन्हा मळ तपासूनच. त्या दिवशी सकाळी ड्रॉप्स घालायचे की नाही, तेही तेव्हाच विचारून ठेवा.