एका ८०७ वरून दोनांवर: जुन्या एएम ट्रान्समीटरची ताकद कशी वाढवावी

फायनलला (अँटेनाला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) एक ८०७ व्हॉल्व्ह असलेला, हौशी रेडिओच्या (हॅम) ४० मीटर बँडवर २५–३० वॅट कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) देणारा जुना ट्रान्समीटर ठाकठीक चालू असेल, तर दुसरा ८०७ समांतर लावून कॅरिअर ५५ वॅटच्या आसपास नेता येतो. मात्र सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी एक हिशेब करा. ताकद दुप्पट झाली की फक्त ३ डेसिबलचा फायदा होतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या रिसीव्हरवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर अर्धा एस. एएममध्ये आवाज कॅरिअरमध्ये नसतो, तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत, म्हणजे साइडबँडमध्ये असतो. मॉड्युलेशन (आवाजाने कॅरिअरची उंची कमीजास्त होण्याचे प्रमाण) ५० टक्के असेल तर साइडबँडची ताकद पूर्ण मॉड्युलेशनच्या एक चतुर्थांशच भरते. तेच ९५ टक्क्यांवर नेले की साडेपाच डेसिबल मिळतात, आणि त्यासाठी नवा व्हॉल्व्ह लागत नाही.

म्हणून पहिले काम मोजणीचे. टँक कॉइलजवळ (फायनलच्या ट्यूनिंग सर्किटच्या कॉइलजवळ) दोन वेढ्यांचा लूप धरून ऑसिलोस्कोपवर लहर पाहा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उंचीतल्या फरकाला त्या दोन उंचींच्या बेरजेने भागले की मॉड्युलेशनचे प्रमाण मिळते. स्कोप नसेल तर आरएफ अँमीटर चालतो. शिट्टीसारख्या एकसुरी आवाजावर पूर्ण मॉड्युलेशन असताना अँटेनाचा करंट सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. तुमचा काटा हलतच नसेल तर दोष मॉड्युलेटरमध्ये आहे. तो आधी काढा.

मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आधी करावी लागते, ती म्हणजे सुकवणी. चार महिने पावसाळी दमट हवेत आणि खाऱ्या वाऱ्यात पडून राहिलेल्या संचाला थेट एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटची उच्च डीसी व्होल्टेज) दिली की मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर जातो, कारण वेटोळ्यांमधल्या कागदाने ओल धरलेली असते. ६० वॅटचा तारेचा बल्ब कॅबिनेटमध्ये रात्रभर पेटता ठेवा. सकाळी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि कोअर यांच्यातला रोध तपासा. तो काही मेगओहमच भरला तर आणखी सुकवा. मेणाचे, कागदी कपॅसिटर सरळ बदला, तपासण्यात वेळ घालवू नका. बेकेलाइटचे सॉकेट ओल शोषतात, त्यांच्यावर ठिणगी चालून काळी वाट पडते आणि मग तिथूनच गळती सुरू राहते. दोन्ही ८०७ ना सिरॅमिक सॉकेट लावा. व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोपीची क्लिप हिरवी पडली असेल तर ती घासून चकचकीत करा. प्लेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकाचा, सगळा करंट तिथूनच जातो.

आता दुसरा व्हॉल्व्ह. दोन्ही सॉकेट शक्य तितके जवळ बसवा आणि प्लेट प्लेटला, ग्रिड (इनपुटचे टोक) ग्रिडला आखूड तारांनी जोडा. ८०७ हा मोठा गेन असलेला व्हॉल्व्ह आहे. दोन समांतर लावले की तारांच्या इंडक्टन्समुळे तो भलत्याच, फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर आपसूक ऑसिलेट होऊ लागतो. बहुतेक जोडण्या इथेच फसतात. उपाय चार. प्रत्येक ग्रिडला सॉकेटच्या पिनवरच ४७ ओहमचा कार्बन रोध. प्रत्येक स्क्रीनला १०० ओहम. प्रत्येक प्लेटच्या टोपीजवळ ४७ ओहम २ वॅटचा कार्बन रोध आणि त्यावरच १८ गेज तारेचे पाच-सहा वेढे. शिवाय व्हॉल्व्हभोवती प्लेटच्या खालच्या कडेपर्यंत येणारा अर्थ केलेला पत्र्याचा डबा. स्क्रीनचा बायपास कपॅसिटर प्रत्येक सॉकेटवर ०.००१ मायक्रोफॅरडचाच ठेवा. तिथे ०.०१ लावला तर आरएफ शांत होते, पण आवाजातला वरचा भागही अर्थला जातो आणि बोलणे पेटीतून आल्यासारखे घोगरे होते.

प्लेट मॉड्युलेशनसाठी ८०७ ची कमाल प्लेट व्होल्टेज ६०० आहे, तरी इथे ५०० वरच थांबा. दोन्हींचा मिळून प्लेट करंट १६० मिलिअँपिअर, म्हणजे इनपुट ८० वॅट. स्क्रीनला २५० व्होल्ट हवेत. मॉड्युलेट झालेल्या एचटीवरून २० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रोध घेऊन ते द्या, म्हणजे स्क्रीनही प्लेटबरोबर मॉड्युलेट होते. ग्रिड करंट दोन्हींचा ८ मिलिअँपिअर. ग्रिड लीक ५.६ किलोओहम, २ वॅट, आणि त्याच्या जोडीला उणे ४५ व्होल्टचा स्थिर बायस (ग्रिडवरची ऋण व्होल्टेज). नुसत्या ग्रिड लीकवर चालवले आणि ड्राइव्ह (आधीच्या टप्प्याकडून ग्रिडला येणारा सिग्नल) गेली, तर बायसही जातो आणि प्लेट काही सेकंदांत लाल होते. ड्राइव्हला एक ६व्ही६ व्हॉल्व्ह पुरेसा आहे. हीटरचा करंट ०.९ वरून १.८ अँपिअर होतो, ट्रान्सफॉर्मरला तो झेपतो का ते आधी बघा.

टँक सर्किट जुनेच ठेवून भागत नाही. प्लेटचा भार निम्मा, सुमारे १५५० ओहम होतो. क्यू (टँकचा गुणवत्ता गुणांक) १२ धरून ७.१ मेगाहर्ट्झला प्लेटकडचा कपॅसिटर १७० पिकोफॅरड (व्हॉल्व्ह आणि तारांचे पंचवीसेक त्यातच धरा), कॉइल ३.४ मायक्रोहेन्री आणि ५० ओहमच्या अँटेनाकडचा कपॅसिटर ८५० पिकोफॅरड येतो. कॉइलसाठी ३८ मिलिमीटर व्यासावर १४ गेज तांब्याचे १३ वेढे ५० मिलिमीटर लांबीत पसरा. अँटेनाकडे जुन्या रेडिओच्या गँग कंडेन्सरचे दोन्ही भाग जोडून चालतात. प्लेटकडे तो चालणार नाही, मॉड्युलेशनच्या शिखरावर हजार व्होल्टच्या घरात आरएफ येते. तिथे रुंद फटींचा, १५०० व्होल्ट सोसणारा कंडेन्सर हवा. अँटेना सॉकेटवर २.५ मिलिहेन्रीचा आरएफ चोक अर्थला जोडायला विसरू नका. प्लेटचा ब्लॉकिंग कपॅसिटर फुटला तर एचटी अँटेनावर न जाता फ्यूज उडतो.

मॉड्युलेटरला आता ४३ वॅट ऑडिओ द्यावी लागते. दोन ६एल६ व्हॉल्व्हचा जुना २५ वॅटचा मॉड्युलेटर इथे अपुरा पडतो, आणि व्हॉल्व्ह वाढवूनही आवाज वाढला नाही ही तक्रार येते ती यामुळेच. सोपी वाट अशी: १०० व्होल्ट लाइनचा ६० वॅटचा पीए (सभेच्या लाउडस्पीकरचा) अँप्लिफायर घ्या. रिवाइंडिंगवाल्याकडून १०० ते ४२० व्होल्ट, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. त्याच्या सेकंडरीचे एक टोक अर्थला, दुसरे ४ मायक्रोफॅरड, १००० व्होल्टच्या कपॅसिटरमधून फायनलच्या एचटीला. एचटी तिथे १० हेन्री, २०० मिलिअँपिअरच्या चोकमधून येते. डीसी ट्रान्सफॉर्मरमधून जात नसल्याने कोअर सॅच्युरेट होत नाही. फायनल बंद असताना ऑडिओ मात्र कधीही देऊ नका. भार नसला की व्होल्टेज उसळते आणि वाइंडिंगमध्ये ठिणगी पडते.

एचटी फिल्टरला १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये आणि प्रत्येकावर ४७ किलोओहम, ५ वॅटचा ब्लीडर. ५०० व्होल्ट डीसी जीव घेते. बंद केल्यावर एक मिनिट थांबा, मग अर्थ केलेल्या दांड्याने एचटी शॉर्ट करा, आणि मगच हात घाला, तोही एकच. जुना ५यू४ रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून डायोड लावले तर एचटी ४०–५० व्होल्ट वाढते आणि हीटर तापण्याआधीच येते. त्यासाठी एचटीला वेगळा स्विच ठेवा.

पहिली चाचणी अँटेनावर नको. १ किलोओहम, २ वॅटचे २० कार्बन रोध समांतर जोडून ट्रान्सफॉर्मर ऑइलच्या डब्यात बुडवा, हा झाला ५० ओहमचा भार. एचटी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत १०० वॅटचा सिरीज बल्ब घाला. ड्राइव्ह काढा, बायस कमी करून ४०–५० मिलिअँपिअर प्लेट करंट येऊ द्या आणि दोन्ही कंडेन्सर टोकापासून टोकापर्यंत फिरवा. प्लेट करंट जागचा हलला किंवा ग्रिडचा काटा उचलला, तर ऑसिलेशन आहे, पुन्हा त्या चार उपायांकडे जा. शांत असेल तर बायस पूर्ववत करून ड्राइव्ह द्या, अँटेनाकडचा कंडेन्सर पूर्ण मिटवून प्लेटच्या कंडेन्सरने डिप (प्लेट करंट सर्वांत कमी होतो ती जागा) शोधा. मग अँटेनाकडचा थोडाथोडा उघडत, दर वेळी डिप घेत १६० मिलिअँपिअरवर या. सगळे स्थिर दिसले की बल्ब काढा.

अँटेना टोकापासून टोकापर्यंत २० मीटर लांबीचा डायपोल, दोन माडांमध्ये दहाएक मीटर उंचीवर. सह्याद्री ओलांडून पुण्याला तो चांगला पोचतो. कोअॅक्सचे टोक रबर टेपने बंद करा, खारी हवा आत शिरली की जाळी काळी पडते. अर्थिंगला जांभ्याच्या सड्यावर रॉड ठोकून उपयोग होत नाही, उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. विहिरीच्या कडेची किंवा माडाच्या आळ्यातली ओली माती शोधा. ५५ वॅट कॅरिअरला शिखराची ताकद २२० वॅट होते. ती परवान्यातल्या तुमच्या श्रेणीच्या मर्यादेत बसते का ते पाहा. मॉड्युलेशन ९५ टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि ऑडिओ ३ किलोहर्ट्झला कापा, म्हणजे तुमचा सिग्नल ६ किलोहर्ट्झमध्ये राहील.