दुपारी झोपणारा स्विच

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. तिथले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी म्हणजे स्विच; तिच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचांत, केबल जोडायची कार्डं बसतात. मे महिन्यात रोज अडीचच्या सुमारास ऑफिसातले निम्मे कॉम्प्युटर नेटवर्कमधून गायब. सुपरवायझरचा फोन ठरलेला, "ओ साहेब, परत गेलं बघा!" मी पोचेपर्यंत कधी कधी आपोआप सुरूही झालेलं असायचं.

आधी केबल बदलल्या, मग पोर्ट. दोन दिवस फुकट. शेवटी स्विचपासून लॅपटॉपला कन्सोल केबल (स्विचशी थेट बोलायची तार) लावली, वेग सेकंदाला 9600 बिट ठेवला आणि लॉग, म्हणजे स्विचनं स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचला (हे पहिल्याच दिवशी करायचं असतं). तिसऱ्या स्लॉटमधलं कार्ड तापून बंद पडत होतं.

चूक माझीच. दिवाळीत चौथ्या स्लॉटमधलं जुनं कार्ड काढलं, पण त्या जागी कोरी पट्टी लावलीच नव्हती. दिसायला नुसता पत्रा. पण तो नसला की पंख्यांनी ओढलेली हवा त्या भोकातून जाते, शेजारच्या कार्डांवरून नीट फिरत नाही. त्यात सोलापूरचं ऊन आणि टेरी टॉवेलचा उडणारा कापूस. फॅन ट्रे बाहेर ओढला तर जाळीवर गोधडीच!

रविवारी सुट्टी गाठून स्विच बंद केला, ब्रशनं कापूस काढला. अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला, तिसऱ्या स्लॉटमधलं कार्ड काढून परत बसवलं, दोन्ही खटके एकदम दाबले, स्क्रू आवळले. पट्टी मिळाली भंगाराच्या खोक्यात, बॉबिनांच्या खाली.

सोमवारी अडीचला फोन आला. चहाला बोलावलं होतं.